पाळीच्या दिवसांत मिटणारे फुप्फुस

मासिक पाळी सुरू होण्याच्या आदल्या दिवसापासून पाळीच्या तिसऱ्या दिवसापर्यंतच्या काळात काही स्त्रियांच्या छातीत एका बाजूला, बहुतेक वेळा उजव्या, अचानक कळ उठते. ती श्वासागणिक वाढते, उजव्या खांद्यात किंवा पाठीत चमकते, जिना चढताना दम लागतो, कोरडा खोकला येतो. एक्स-रे काढला तर फुप्फुस आणि बरगड्या यांच्या मध्ये हवेचा काळा पट्टा दिसतो आणि फुप्फुस आत आक्रसलेले असते. पाळी सरते, हवा हळूहळू शोषली जाते, फुप्फुस पुन्हा फुलते आणि दुखणे विरते. मग पुढच्या एखाद्या पाळीला पुन्हा तेच. या आजाराला वैद्यकात ‘कॅटामेनिअल न्यूमोथोरॅक्स’ म्हणतात. पाळीशी जुळलेल्या वेळी असे किमान दोनदा घडले, तर हे निदान करतात. आजाराची ठळक खूण कॅलेंडरात आहे. तरीही वैद्यकाला ती वाचायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

फुप्फुसाच्या बाजूने दोन पातळ आवरणे असतात. एक फुप्फुसाला चिकटलेले, दुसरे छातीच्या भिंतीला आतून. दोहोंच्या मध्ये नावापुरता ओलावा असतो आणि तिथला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. या कमी दाबामुळेच फुप्फुस छातीच्या भिंतीसोबत ताणलेले राहते. त्या जागेत हवा शिरली की ताण सुटतो आणि फुप्फुस आपल्या लवचीकपणामुळे आत ओढले जाते. हवा शिरण्याच्या नेहमीच्या वाटा दोन: फुप्फुसाचा पृष्ठभाग फाटणे किंवा छातीच्या भिंतीला आरपार जखम होणे. पाळीशी जोडलेल्या या आजाराने डॉक्टरांना तिसरी वाट शोधायला लावली. ती पोटाकडून येणारी निघाली.

छातीतल्या या हवेला ‘न्यूमोथोरॅक्स’ हे नाव फ्रेंच वैद्य झाँ इतार यांनी १८०३ मध्ये दिले. आवेरोंच्या जंगलात सापडलेल्या मुलाला शिकवण्याच्या प्रयत्नांमुळे आणि मूकबधिरांसाठी केलेल्या कामामुळे पुढे गाजलेले इतार हेच. १८१६ मध्ये स्टेथोस्कोप शोधणाऱ्या रने लेनेक यांनी १८१९ च्या आपल्या ग्रंथात या आजाराची लक्षणे नीट मांडली: बोटाने ठोकले तर पोकळ आवाज येतो, श्वासाचा आवाज मात्र येत नाही. त्या काळातले बहुतेक रुग्ण क्षयाचे होते. क्षयाने पोखरलेले फुप्फुस फुटते आणि हवा बाहेर येते, ही समजूत पुढची शंभर वर्षे टिकली. तिला आधारही भक्कम होता, आणि स्वतः लेनेक १८२६ मध्ये क्षयानेच गेले.

क्षय आणि न्यूमोथोरॅक्स यांचे नाते पुढे उपचारातही उतरले. इटलीतील कार्लो फोर्लानिनी यांनी १८८२ मध्ये कल्पना मांडली, की क्षयाच्या फुप्फुसाला मुद्दाम हवा भरून मिटवले तर त्याला विश्रांती मिळेल आणि जखम भरेल. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा ‘कृत्रिम न्यूमोथोरॅक्स’ जगभरच्या आरोग्यधामांत रोजचा उपचार झाला. भारतातल्या क्षय-आरोग्यधामांतही ठरावीक दिवसांनी सुईने हवा भरण्याचा क्रम चालत असे. काही ठिकाणी हवा छातीऐवजी पोटात भरत, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा, श्वासपटल, वर उचलला जाऊन फुप्फुस दबेल. पोटात भरलेली ती हवा काही रुग्णांच्या छातीत जाऊन पोहोचल्याचे आढळत होते. ही नोंद त्या वेळी एक अडचण म्हणून झाली. तिच्यात दडलेला अर्थ कळायला आणखी काही दशके जायची होती.

१८९५ मध्ये रोंटगेन यांनी क्ष-किरण शोधले आणि छातीतली हवा डोळ्यांना दिसू लागली. धडधाकट माणसांचेही फुप्फुस अचानक मिटते, हे त्यामुळे कळत गेले. डेन्मार्कचे हान्स क्येरगार्ड यांनी १९३२ मध्ये वरकरणी निरोगी माणसांतल्या न्यूमोथोरॅक्सवर मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. या रुग्णांत क्षय हे मुख्य कारण नसून फुप्फुसाच्या शेंड्यावरचे छोटे फुगे फुटणे हे कारण आहे, असे त्यांनी दाखवले. पाठ्यपुस्तकांतले चित्र त्यानंतर बदलले, पण त्या चित्रातला रुग्ण पुरुषच राहिला: तरुण, उंच, सडपातळ, बहुधा सिगारेट ओढणारा. आकडेही तसेच बोलत होते. अमेरिकेतील मिनेसोटाच्या ओल्मस्टेड काउंटीतील, १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फुप्फुसाचा दुसरा कुठलाही आजार नसताना होणाऱ्या न्यूमोथोरॅक्सचे प्रमाण वर्षाला दर लाख पुरुषांमागे ७.४ आणि दर लाख स्त्रियांमागे १.२ होते. स्त्रिया कमी, म्हणून त्यांच्या आजाराचे कारणही पुरुषांचेच धरले गेले. सर्जन फुप्फुसाच्या शेंड्यावर फुगे शोधत, सापडले तर कापत, न सापडले तर ‘कारण अज्ञात’ लिहीत.

या गोष्टीचा दुसरा धागा स्त्रीरोगशास्त्रातला आहे. पाळीचे रक्त कधी कधी दुसऱ्याच वाटेने बाहेर पडते, ही कल्पना युरोपीय वैद्यकात फार जुनी. हिपॉक्रेटिसच्या नावावर असलेल्या सूत्रांतही स्त्रीच्या रक्ताच्या उलटीचा पाळीशी संबंध जोडलेला आहे. एकोणिसाव्या शतकातल्या डॉक्टरांनी दर महिन्याला नाकातून किंवा खोकल्यातून रक्त पडणाऱ्या स्त्रियांच्या नोंदी केल्या आणि त्याला ‘बदली पाळी’ अशा अर्थाचे नाव दिले. अडलेले रक्त वाट काढते, हे त्यांचे स्पष्टीकरण चुकीचे होते. निरीक्षण मात्र खरे होते. या डॉक्टरांनी निदान पाळीची तारीख विचारली होती आणि लिहून ठेवली होती. पुढच्या पिढ्यांनी जुन्या कल्पनेसोबत ती सवयही टाकून दिली, हे नुकसान मोठे.

खरी वाट दाखवली ती एंडोमेट्रिओसिसने. गर्भाशयाला आतून जे अस्तर असते, तसल्या पेशी गर्भाशयाबाहेर रुजतात, महिन्याच्या चक्राबरोबर वाढतात, पाळीच्या दिवसांत रक्त सोडतात आणि आजूबाजूच्या भागाला सूज, चिकटण व वेदना देतात, असा हा आजार. व्हिएन्नाचे रोकिटान्स्की यांनी १८६० मध्ये अशा वाढीचे वर्णन केले होते. पण त्याला आजचे रूप दिले न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनी येथील स्त्रीरोगतज्ज्ञ जॉन सॅम्पसन यांनी. १९२१ मध्ये त्यांनी अंडाशयातल्या चॉकलेटच्या रंगाच्या गाठींवर निबंध लिहिला. १९२७ मध्ये त्यांनी आपला सिद्धांत मांडला, की पाळीचे काही रक्त बीजवाहिन्यांतून उलटे पोटात जाते आणि त्यातल्या पेशी तिथे रुजतात. असे उलटे वाहणे बहुसंख्य स्त्रियांत होते, हे पुढे दिसले. एंडोमेट्रिओसिस मात्र प्रजननाच्या वयातल्या साधारण १० टक्के स्त्रियांना होतो. म्हणजे उलट्या प्रवाहाखेरीज आणखी काहीतरी लागतेच. सॅम्पसन यांनी याच पेशी गर्भाशयाच्या शिरांतून रक्तात शिरू शकतात, असेही दाखवले होते. त्यांच्या कामाचा हा भाग कमी लोकांच्या ध्यानात राहिला. छातीच्या दृष्टीने तो फार मोलाचा होता, कारण शरीरभरातून परतणारे शिरांतले रक्त हृदयातून सरळ फुप्फुसात जाते.

फुप्फुसात गर्भाशयाच्या अस्तराच्या पेशी सापडल्याचे वृत्तांत १९३० च्या दशकाच्या अखेरीस येऊ लागले. १९४० मध्ये हॉब्ज आणि बोर्टनिक या अमेरिकी डॉक्टरांनी सशांच्या शिरेत अशा पेशी टोचल्या आणि त्या फुप्फुसात रुजतात हे दाखवून दिले. १९५४ मध्ये पार्क यांनी गरोदरपणात बदलणाऱ्या या अस्तराचे तुकडे फुप्फुसात सापडल्याची नोंद केली. त्याच वर्षी लंडनच्या ॲलन ब्रूज यांनी श्वासपटलावरच्या एंडोमेट्रिओसिसकडे लक्ष वेधले. १९५६ मध्ये रफाएल लातेस आणि सहकाऱ्यांनी फुप्फुसातल्या एंडोमेट्रिओसिसचा सविस्तर अभ्यास लिहिला. सामग्री जमत होती. पण पाळीच्या वेळी खोकल्यातून रक्त पडण्याची उपपत्ती लागली तरी पाळीच्या वेळी छातीत हवा का येते, हा प्रश्न अजून कुणी नीट विचारला नव्हता.

तो १९५८ मध्ये विचारला गेला. अमेरिकेत मॉरर, शाल आणि मेंडेझ या डॉक्टरांनी तिथल्या वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात एका स्त्रीची हकिगत छापली. तिचे उजवे फुप्फुस पुन्हा पुन्हा मिटत होते आणि दर वेळी पाळीच्याच सुमारास. शस्त्रक्रियेत श्वासपटलाला छिद्रे आढळली आणि तिथेच एंडोमेट्रिओसिसही. यावरून त्यांनी जो तर्क मांडला, तो त्या काळी धाडसी होता. एरवी गर्भाशयाच्या मुखाशी घट्ट चिकट स्रावाचे बूच असते; पाळीत ते नसते. त्यामुळे बाहेरची हवा योनिमार्गातून गर्भाशयात, तिथून बीजवाहिन्यांतून पोटात आणि श्वासपटलाच्या छिद्रांतून छातीत पोहोचत असावी. श्वास घेताना छातीतला दाब पोटापेक्षा कमी होतो, म्हणून हवा वरच ओढली जाते. पुरुषाच्या पोटाची पोकळी बाहेरच्या जगापासून पूर्ण बंद असते, स्त्रीची नसते. शरीररचनेचा हा साधा भेद इथे पहिल्यांदा छातीच्या आजाराला लावून पाहिला गेला.

साठच्या दशकात अशा नोंदी वाढल्या. १९६६ मध्ये कोव्हारिक आणि टोल, १९६७ मध्ये क्रचर आणि सहकारी, १९६८ मध्ये ब्रिटनमध्ये डेव्हिस, असे एकेक निबंध आले. क्रचर यांच्या निबंधापासून एक अवघड मुद्दा पुढे आला, की पाळीशी पक्का जुळणारा न्यूमोथोरॅक्स असूनही काही स्त्रियांत एंडोमेट्रिओसिस सापडत नाही. एकच कारण सगळ्यांना लागू पडत नव्हते. म्हणून १९७२ मध्ये लिलिंग्टन, मिचेल आणि वुड यांनी आजाराला कारणावरून नाव न देता वेळेवरून दिले: पाळीच्या वेळचा, म्हणजे ‘कॅटामेनिअल’. हे शहाणपणाचे होते. नाव मिळाल्यामुळे विखुरलेल्या नोंदी एका मथळ्याखाली आल्या, आणि कारणाविषयीचा वाद मोकळा राहिला.

तो वाद पुढची तीस वर्षे चालला. १९७४ मध्ये रॉसी आणि गॉपलरूड यांनी रासायनिक कारण सुचवले. पाळीत प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये रक्तात वाढतात, त्यांतले एक रक्तवाहिन्या आणि श्वासनलिका आवळते, त्या ताणाने फुप्फुसातले नाजूक वायुकोश फुटत असावेत. दुसरे मत असे, की श्वासनलिकेच्या बारीक फांदीत रुजलेले अस्तर पाळीत सुजते आणि झडपेसारखे वागते. हवा आत जाते, बाहेर येत नाही, आणि फुगलेला भाग फुटतो. तिसरे मत, फुप्फुसाच्या पृष्ठभागावर रुजलेले अस्तर पाळीत गळून पडते आणि तिथेच भोक पडते. चौथे मत मॉरर यांचे, खालून येणाऱ्या हवेचे. प्रत्येक मताच्या बाजूने रुग्ण होते आणि विरोधातही होते. गर्भाशय काढल्यावर किंवा बीजवाहिन्या बांधल्यावर काही स्त्रियांचा त्रास थांबला, तेव्हा चौथे मत जिंकल्यासारखे वाटले. गर्भाशय काढल्यावरही काहींचे फुप्फुस मिटले, तेव्हा ते हरल्यासारखे वाटले. आज मानले जाते, की कुठलीही एकच यंत्रणा सगळ्यांना लागू पडत नाही आणि एकाच स्त्रीत एकाहून अधिक असू शकतात.

सगळ्या मतांची कसोटी एका प्रश्नावर लागते: उजवीच बाजू का? झुरिक येथील कोरोम आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये तोवर प्रसिद्ध झालेले २२९ रुग्ण एकत्र मांडले, तेव्हा ९१.७ टक्के रुग्णांत आजार उजव्या बाजूला होता. डावीकडे ५ टक्क्यांहूनही कमी. रक्तातून पेशी गेल्या असत्या किंवा रसायनामुळे वायुकोश फुटले असते, तर दोन्ही फुप्फुसांना साधारण सारखाच फटका बसायला हवा होता. उत्तर पोटाच्या रचनेत सापडते. पोटाच्या पोकळीतला पातळ द्रव एका जागी थांबत नाही. ओटीपोटातून तो मोठ्या आतड्याच्या उजव्या कडेने वर चढतो आणि यकृत व श्वासपटल यांच्यामधल्या खोबणीत पोहोचतो. डाव्या बाजूला वर जाणारी वाट आतड्याला बांधून ठेवणाऱ्या एका पडद्याने अडवलेली असते. उजवीकडे पोहोचलेल्या द्रवाला डावीकडे सरकू न देणारा आणखी एक पडदा यकृतापाशी आहे. बीजवाहिन्यांतून पोटात आलेल्या पेशी या प्रवाहाबरोबर उजव्या श्वासपटलाखाली जमा होतात. श्वासागणिक वरखाली होणारे यकृत त्यांना तिथे घासत राहते, असेही काही तज्ज्ञ म्हणतात. पेशी श्वासपटलाच्या मधल्या पातळ, स्नायूरहित भागात रुजतात. महिन्यामागून महिने रक्त सोडून, गळून तिथे छिद्रे पाडतात. बहुतेक छिद्रे काही मिलिमीटरची असतात. क्वचित ती इतकी मोठी होतात, की त्यातून यकृताचा भाग छातीत डोकावतो. खांद्याच्या दुखण्याचेही कोडे इथेच सुटते. श्वासपटलाची नस मानेतल्या ज्या मणक्यांपाशी उगम पावते, तिथूनच खांद्याच्या टोकाची संवेदनाही येते, म्हणून श्वासपटलाची वेदना मेंदूला खांद्याची वाटते. अनेक स्त्रिया पाळीत उजवा खांदा भरून येतो म्हणून वर्षानुवर्षे बाम चोळत आलेल्या असतात.

श्वासपटलाला छिद्रे असतात, हे ज्ञान इतर आजारांच्या बाजूनेही जमत होते. १९३७ मध्ये बोस्टनचे जो मेग्ज यांनी अंडाशयाच्या साध्या गाठीमुळे पोटात आणि छातीत पाणी भरल्याचे रुग्ण दाखवले. गाठ काढली की दोन्हीकडचे पाणी आपोआप जात असे, आणि छातीतले पाणी बहुधा उजवीकडेच असे. यकृताच्या सिरोसिसमध्ये, पोटातून डायलिसिस करतानाही पाणी छातीत चढताना दिसले. क्षयाच्या काळात पोटात भरलेली हवा छातीत पोहोचत होती, ती याच वाटेने. न्यूयॉर्कचे सर्जन पॉल किर्शनर यांनी १९९८ मध्ये हे सगळे एका सूत्रात ओवले आणि सच्छिद्र श्वासपटलाचे विकार असा गट मांडला. वेगवेगळ्या विभागांत वेगवेगळ्या नावांनी पडून असलेल्या गोष्टी एकत्र करण्याचे हे काम या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे म्हणावे लागेल.

दरम्यान आजार ‘अत्यंत दुर्मीळ’ या शिक्क्यासह पाठ्यपुस्तकांत बसला होता. १९७४ च्या मेयो क्लिनिकच्या निबंधातला अंदाज असा, की स्त्रियांना होणाऱ्या अचानक न्यूमोथोरॅक्सपैकी जेमतेम ३ ते ६ टक्के पाळीशी जोडलेले असतात. १९९६ मध्ये जोसेफ आणि सान यांनी छातीतल्या एंडोमेट्रिओसिसचे ११० रुग्ण एकत्र अभ्यासले, त्यांत ७३ टक्क्यांत न्यूमोथोरॅक्स हेच मुख्य रूप होते. बाकीच्यांत छातीत रक्त साचणे, खोकल्यातून रक्त पडणे किंवा फुप्फुसात गाठी. पण एकूण आकडा लहानच वाटत होता.

तो बदलला पॅरिसमध्ये. मार्को अलिफानो आणि सहकाऱ्यांनी न्यूमोथोरॅक्ससाठी शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांना पाळीबद्दल पद्धतशीर विचारले आणि शस्त्रक्रियेत श्वासपटल बारकाईने पाहिले. २००३ च्या अभ्यासात ३२ पैकी ८ स्त्रियांचा आजार पाळीशी जुळणारा निघाला, म्हणजे चौथा हिस्सा. २००७ च्या मोठ्या अभ्यासात ११४ पैकी २८, म्हणजे पुन्हा तेवढाच. शिवाय आणखी १४ स्त्रियांच्या छातीत एंडोमेट्रिओसिस होता, पण त्यांचे फुप्फुस पाळीच्या वेळी मिटले नव्हते. हे आकडे शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचलेल्या स्त्रियांचे आहेत, सरसकट सगळ्यांचे नाहीत, हे ध्यानात ठेवायला हवे. तरीही ५ टक्क्यांचे २५ टक्के व्हायला आजार वाढावा लागला नाही. विचारणे आणि पाहणे पुरे झाले. हा आजार दुर्मीळ होता त्यापेक्षा अधिक तो न विचारलेला होता.

पाहण्याची साधने तोवर बदलली होती, हेही खरे. छातीत दुर्बीण घालून पाहण्याचा प्रयोग स्टॉकहोमच्या याकोबेउस यांनी १९१० मध्येच केला होता, पण छोट्या कॅमेऱ्याने पडद्यावर मोठे चित्र दाखवणारी दुर्बिणीची शस्त्रक्रिया १९९० च्या सुमारास रुळली. पूर्वीच्या उघड्या शस्त्रक्रियेत सर्जनचे लक्ष वर, फुप्फुसाच्या शेंड्याकडे असे. श्वासपटल खाली, आडोशाला. आता कॅमेरा खाली वळवला की जांभळट, तपकिरी ठिपके आणि बारीक छिद्रे स्पष्ट दिसू लागली. काही सर्जन शस्त्रक्रिया पाळीच्याच दिवसांत करण्याचा आग्रह धरतात, कारण तेव्हा हे ठिपके ताजे आणि ठळक असतात. काढलेल्या तुकड्यावर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांच्या ग्राहकांची (रिसेप्टरची) तपासणी होऊ लागल्यावर पूर्वी ‘काही सापडले नाही’ म्हणून सुटलेले नमुनेही ओळखू येऊ लागले.

उपचारांचा इतिहास शस्त्रक्रिया आणि संप्रेरके या दोन टोकांमध्ये हेलकावे खाणारा आहे. तातडीचा उपचार तोच राहिला: छातीत नळी घालून हवा काढायची, नळीचे टोक पाण्याच्या बाटलीत बुडवून ठेवायचे. पण हवा परत येते. सुरुवातीच्या काळात अंडाशये किंवा गर्भाशय काढणे हा अनेकदा सुचवलेला मार्ग होता. तिशीतल्या स्त्रीसाठी ही किंमत भयंकर होती, आणि तिची चर्चा जुन्या निबंधांत फारच थोडक्यात उरकलेली दिसते. १९६० च्या दशकात गर्भनिरोधक गोळ्या आल्या आणि पाळी थांबवून आजार थांबवता येतो हे दिसले. सत्तरच्या दशकात डॅनाझॉल हे औषध आले. त्याने आवाज घोगरा होणे, लव वाढणे असे परिणाम होत. मेंदूतून पाळीचे चक्र चालवणाऱ्या संप्रेरकाची रचना १९७१ मध्ये शॅली आणि गिल्मँ यांच्या प्रयोगशाळांत उलगडली, दोघांना १९७७ चे नोबेल मिळाले, आणि त्या संप्रेरकाशी मिळतीजुळती इंजेक्शने पुढे एंडोमेट्रिओसिससाठी वापरात आली. त्यांनी अंडाशये तात्पुरती झोपवता येतात. मात्र हाडे ठिसूळ होतात, म्हणून ती फार काळ देत नाहीत.

हवा पुन्हा येऊ नये म्हणून फुप्फुस छातीच्या भिंतीला चिकटवून टाकण्याचा उपाय जुना आहे. त्यासाठी छातीत टाल्कची पूड भुरभुरवण्याची पद्धत १९३५ मध्ये माँट्रिअलचे सर्जन नॉर्मन बेथ्यून यांनी सांगितली. ते स्वतः क्षयाचे रुग्ण होते आणि कृत्रिम न्यूमोथोरॅक्सनेच बरे झाले होते. पुढे ते चीनमध्ये युद्धातल्या जखमींवर उपचार करताना १९३९ मध्ये वारले. त्यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या रुग्णालयाचे प्रमुखपद १९४१ मध्ये सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांनी सांभाळले. कोटणीसांचे नाव महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे. बेथ्यून यांची पूड आजही छातीच्या शस्त्रक्रियागारांत वापरली जाते, हे फारसे कुणाला ठाऊक नसते.

पण पाळीच्या न्यूमोथोरॅक्समध्ये नुसते चिकटवणे पुरत नाही. श्वासपटलातली छिद्रे तशीच राहिली, तर हवा आणि पेशी दोन्हींना वाट मोकळी राहते. म्हणून छिद्रांचा भाग कापून शिवणे आणि वरून विरघळणारी जाळी अंथरून सगळे श्वासपटल झाकणे, ही पद्धत २००० नंतर पॅरिसच्या सर्जनांनी पुढे आणली. शस्त्रक्रियेनंतर काही महिने संप्रेरकांनी पाळी थांबवून ठेवायची, म्हणजे जखमेला चक्राचा धक्का न लागता ती भरेल. एवढे करूनही आजार चिवट आहे. २००७ च्या त्याच पॅरिस अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर पुन्हा फुप्फुस मिटण्याचे प्रमाण पाळीशी जोडलेल्या गटात सुमारे ३२ टक्के होते, तर कारण न सापडलेल्या स्त्रियांत ५ टक्क्यांच्या आसपास. आजही छातीचा सर्जन आणि स्त्रीरोगतज्ज्ञ यांनी मिळून उपचार आखले नाहीत, तर यातली एक बाजू हमखास निसटते.

भारतात या आजाराच्या वाटेत क्षय आडवा येतो. छातीत दुखणे, खोकल्यातून रक्त, फुप्फुसाबाहेर पाणी, वजन कमी होणे, हे ऐकले की इथल्या डॉक्टरांच्या मनात प्रथम टीबी येते आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असते, कारण जगातल्या क्षयरुग्णांपैकी सर्वांत मोठा वाटा भारताचा आहे. पण छातीतल्या एंडोमेट्रिओसिसच्या काही स्त्रियांना आधी महिनोन्महिने टीबीची औषधे दिली गेल्याच्या नोंदी आहेत. औषध सुरू असताना पाळीबाहेरच्या दिवसांत बरे वाटते, त्यामुळे गुण आल्याचा भास होतो. छातीच्या ओपीडीत पाळीची तारीख विचारण्याचा प्रघात नाही. स्त्रीरोग विभागात ती विचारतात, पण तिथे छातीचे दुखणे कुणी सांगत नाही. अनेकदा ओटीपोटातला एंडोमेट्रिओसिस आधीपासून असतो, पाळीत पोट कमालीचे दुखते, मूल होत नाही. घरात त्याला बाईच्या जातीला असायचेच म्हणून बाजूला सारलेले असते. छातीचे दुखणे बहुधा तिशीत, ओटीपोटाच्या त्रासानंतर काही वर्षांनी सुरू होते. तोवर दोन्हींचा संबंध लावण्याचे कारणच कुणाला दिसत नाही.

पाळीच्या आगेमागे छातीत, विशेषतः उजवीकडे, कळ उठत असेल, खांदा चमकत असेल किंवा दम लागत असेल, तर त्या स्त्रीने दुखण्याच्या आणि पाळीच्या तारखा शेजारी शेजारी लिहून ठेवाव्यात. दोन-तीन महिन्यांचा असा कागद डॉक्टरांना दाखवावा आणि एक्स-रे दुखणे चालू असतानाच काढून घ्यावा, कारण आठवड्याने काढलेल्या एक्स-रेत हवा शोषली गेलेली असू शकते आणि फुप्फुस पूर्ववत दिसू शकते. दम एकाएकी वाढला, ओठ निळसर पडले किंवा घेरी आली, तर तारखांचा विचार न करता थेट रुग्णालय गाठावे. आणि ज्यांच्यासमोर अशी रुग्ण बसते, त्या डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे हातात घेण्याआधी शेवटची पाळी कधी आली हे विचारावे.